लातूरचे लॉनवाले मामा: घरी येऊन केलेली तपासणी, वर्ष होत आल्यावरचा रिव्ह्यू

लॉनवर वाळलेले पॅच पडलेत आणि तुम्ही औषधाच्या दुकानाकडं निघालात, तर दोन मिनिटं थांबा आणि आधी त्या पॅचमधलं गवत मुठीत धरून वर ओढून बघा. मी हे न करता सहा हप्ते आणि जवळपास तीन हजार रुपये घालवले आणि मग औसा रोडकडच्या एका छोट्या नर्सरीतल्या मामांना बोलावलं, ते घरी येऊन लॉन तपासून देतात, त्या तपासणीचा हा रिव्ह्यू. नाव नंबर टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हणलं, एकटा माणूस, हाताखाली एक पोरगं, जास्तीचे फोन आले की त्यांचं सगळं बिघडतं. त्या बाजूच्या नर्सऱ्यांत 'लॉन बघायला घरी कोण येतं' एवढं विचारलं तरी पोचाल त्यांच्यापर्यंत. आणि मुद्दाम वर्ष होत आल्यावर लिहितोय, कारण पावसाळ्यात कुठलंही गवत हिरवं दिसतं, खरं काय ते उन्हाळा गेल्यावर कळतं.

आमचं लॉन म्हणजे घरापुढं साधारण सातशे स्क्वेअर फूट, २०२१ च्या जूनमध्ये लावलं, जात सिलेक्शन वन, म्हणजे आपल्या हरळीचीच बारीक पानाची बहीण. आमचे अण्णा शेतकरी, औसा तालुक्यात आयुष्य गेलं, ते त्या दिवशी ओट्यावर बसून बघत होते आणि म्हणले, "मी चाळीस वर्षं हरळी उपटण्यात घालवली आणि तू पैसे देऊन हरळी लावूलालास." खरंच होतं ते. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना डॉक्टरनी सपाट मऊ जागेवर चालायला सांगितलं आणि आज सकाळी सहाला सगळ्यात आधी त्या गवतावर पाय ठेवणारा माणूस तेच आहेत, त्यामुळं हे लॉन आमच्यासाठी शोभेचं नाही.

पाण्याचंही सांगतो, कारण लातूरात लॉन म्हणलं की लोक आधी तेच विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते गाव आहे हे, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं, तेव्हा आम्ही कॉलनीत टँकरपुढं घागरी मांडून उभे राहिलेलो आहोत. त्यामुळं नळाचं पाणी लॉनला एक थेंब नाही. बोअरचं पाणी, तेही हप्त्यातून दोनदा, आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतो ते. उन्हाळ्यात पिवळं पडलं तर पडू देतो.

तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये काय झालं, पाऊस चांगला चाललेला, सगळं हिरवंगार आणि कडुलिंबाच्या झाडाजवळ एक तांबूस डाग दिसला, ताटाएवढा. आठ दिवसांत परातीएवढा झाला. मग गेटजवळ एक, मग मागच्या नळाच्या कोपऱ्यात एक लांबट पट्टा. मी फोटो काढून एका दुकानात दाखवला (कोणतं ते लिहीत नाही, गावात अशी दुकानं पुष्कळ आहेत), त्यानं फोटो दोन सेकंद बघितला आणि सांगितलं की बुरशी आहे सर, पावसाळ्यात येतेच, आणि एक बुरशीनाशक आणि एक टॉनिकची बाटली दिली. फवारलं. काही नाही. परत गेलो तर म्हणला डोस वाढवा आणि युरिया टाका. युरिया मी हातानं फेकला, त्या दिवशी नेमका पाऊस आला नाही, आणि जिथं जिथं मूठ जास्त पडली तिथं दोन दिवसांत गवत जळून मुठीच्या आकाराचे नवीन ठिपके तयार झाले. म्हणजे तीन पॅचचे आठ झाले. अण्णांनी चालणं बंद केलं नाही पण एक दिवस हळूच म्हणले की पायाखाली भुसभुशीत लागायलंय, गादीवर चालल्यासारखं. तेव्हा त्या वाक्याकडं लक्ष द्यायला पाहिजे होतं, सगळं उत्तर त्यातच होतं.

मामा सप्टेंबरच्या शेवटी आले. येण्याचे तीनशे रुपये, ते आधीच फोनवर सांगतात. सकाळी सातला आले, सोबत एक खुरपं, एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणि एक जुनी घडी केलेली पोत्याची पट्टी गुडघे टेकायला. औषधाचं एकही पाकीट नाही. मी सगळी हिस्ट्री सांगायला लागलो तर म्हणले, "सर, थांबा, आधी मला बघू द्या, मग तुमचं ऐकतो." आणि पंधरा-वीस मिनिटं एक शब्द न बोलता नुसते फिरले. कुठं ऊन येतं, पाणी कुठून येतं, पक्षी कुठं बसतात, हे सगळं बघत होते.

पक्ष्यांचं मला नवीन होतं. लिंबाजवळच्या पॅचवर रोज सकाळी साळुंक्या आणि दोन-तीन बगळे यायचे, माती उकरायचे, आम्हाला वाटायचं पावसाळा आहे, येत असतील. मामा म्हणले बगळा उगीच येत नाही, त्याला खाली काहीतरी दिसलंय. मग त्यांनी पॅचच्या बरोबर मधे न बसता कडेला, जिथं वाळलेलं आणि हिरवं एकत्र येतं तिथं गुडघे टेकले आणि गवत मुठीत धरून ओढलं. गवत सरळ वर आलं. गोधडीची कड उचलावी तसं हातभर लॉन उचलून आलं, खाली मूळच नाही. आणि मातीत हुमण्या, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळ्या. पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या, डोकं तांबूस, पुढं सहा पाय. त्यांनी खुरप्यानं एक फूट बाय एक फूट चौकोन कापला, चार बोटं खोल माती घमेल्यात काढली आणि मोजायला लावलं. नऊ निघाल्या. "फुटाला दोन-तीन असत्या तर मी हात लावला नसता, चांगलं लॉन तेवढं सोसतं. नऊ म्हणजे पंगत बसलीय."

अण्णा काठी टेकत तिथपर्यंत आले, बघितलं आणि म्हणले, "ह्ये तर उसातली हुमणी." मग ते दोघं बोलत बसले आणि मी ऐकत. उन्हाळा संपताना पहिला जोरदार वळीव पडला की जमिनीतून हुमणीचे भुंगेरे निघतात, संध्याकाळी लिंबावर आणि बाभळीवर जमतात, पाला खातात आणि जवळच्याच ओल्या मऊ मातीत अंडी घालतात. अंड्यातून निघालेली अळी सुरवातीला बारीक असते, कुजलेलं आणि कोवळी मुळं खाते, आपल्याला काहीच दिसत नाही, पण ऑगस्ट-सप्टेंबरला ती मोठी होते आणि मूळ सफाचट करते. मग वरून कितीही पाणी आणि खत द्या, प्यायला मूळच नाही तर करणार काय. आमचं लॉन बरोबर लिंबाखाली, मे-जूनमध्ये आम्हीच पाणी मारून ओलं ठेवलेलं, आजूबाजूची सगळी जमीन भेगाळलेली. भुंगेऱ्याला याहून चांगली जागा कुठं मिळणार होती. अण्णांना हे सगळं शेतातलं माहीत होतं, फक्त शहरातल्या घरापुढं ती हुमणी येईल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि मला तर काहीच माहीत नव्हतं.

आता मला वाटलं झालं, सगळ्या पॅचला हुमणी. मी म्हणलो पण तसं. मामा गेटजवळच्या पॅचकडं गेले, गवत ओढलं, निघेना. वाळलेलं पण घट्ट. "हितं किडा नाही." मग स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि हिरव्या जागेत दाबला, मुठीपर्यंत सहज गेला. पॅचमध्ये दाबला, दोन-अडीच इंचावर टक्क. बाजूला, टक्क. एक वीत पुढं, परत टक्क. पोरानं टिकावानं खणलं तर खाली विटांचे तुकडे, वाळलेल्या सिमेंटचे गोळे, मुरूम आणि एक अख्खी फरशी. घर बांधताना ज्यानं राडारोडा उचलतो म्हणून वेगळे पैसे घेतले त्यानं तो तिथंच पुरून वरून चार बोटं माती पसरली होती. पाऊस चालू असला की तिथलं गवत हिरवं, आणि पावसानं चार-पाच दिवस ओढ दिली की तेवढंच वाळायचं, कारण खाली ओल धरायला मातीच नाही. तीन वर्षं आम्ही समजत होतो की तिथं पाईप पोचत नाही म्हणून तसं होतं आणि दर वेळी तिथं जास्त पाणी मारत होतो.

तिसरा पट्टा मागचा. तिथं त्यांनी ओढलं नाही, खणलं नाही, फक्त मातीवरून बोट फिरवलं आणि दाखवलं, पांढरट पीठ. "ह्या नळीतून काय येतं?" ती नळी किचनमधल्या आरओ मशीनची. मशीन जे पाणी बाहेर टाकतं ते वाया जाऊ नये म्हणून आम्हीच ती नळी लॉनवर सोडलेली, पाणी वाचवतोय या चांगल्या भावनेनं. मशीनवाल्याकडचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेला क्षार, मोजायचं पेन नंतर मागून आणलं आणि बघितलं, बोअरचं पाणीच ९०० च्या वर आणि नळीतून पडणारं १,७०० च्या पुढं. साहजिक आहे, मशीन गोड पाणी आपल्याला देतं आणि सगळा क्षार उरलेल्या पाण्यात जातो, आणि तो रोज एकाच जागी, आपल्या काळ्या मातीत, जिथून पाणी आधीच हळू झिरपतं. मुळाच्या भोवती मीठ साठलं की ओल असूनसुद्धा झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पट्टा लांबट होता, बरोबर पाण्याच्या ओघळाच्या आकाराचा. ते पाणी आता बादलीत धरतो आणि संडास, फरशी, अंगण धुवायला वापरतो, वाया जात नाहीच.

मी विचारलं जिप्सम टाकू का, कुठंतरी ऐकलं होतं. म्हणले उगीच नको, जिप्सम सोडियमवर काम करतं, तुमच्या मातीत सोडियम जास्त आहे का नुसता क्षार साठलाय हे माती परीक्षणाशिवाय मी सांगणार नाही, आधी नळी काढा आणि पावसाचं साठवलेलं पाणी दोन-तीनदा भरपूर सोडून मीठ खाली जाऊ द्या. मला हे फार आवडलं. तिथंच जिप्समचं एक पोतं विकता आलं असतं त्यांना.

उरले युरियाचे ठिपके आणि आंब्याखालचा विरळ कोपरा. युरियाचं त्यांनी लगेच ओळखलं कारण ठिपके एका ओळीत होते, माणूस चालत चालत मूठ फेकतो तसे. तिथं नुसतं पाणी. आंब्याखालचं मात्र स्पष्ट सांगितलं की इथं सिलेक्शन वन येणार नाही, या गवताला दिवसभराचं ऊन लागतं, इथं तुम्ही दरवर्षी लावाल आणि दरवर्षी जाईल, इथं फरशा टाका नाहीतर सावलीतली झाडं लावा. बायकोला ते पटलं नाही, तिला तिथंच गवत हवं होतं, पण मामांनी पैसे घेऊन लावायलासुद्धा नकार दिला.

आणि बुरशी? कुठंच नव्हती. बुरशी कशी दिसते ते त्यांनी समजावलं, पहाटे दव असताना गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा धागा दिसतो, पानावर डाग असतात, गवत ओढलं तर पान सडून तुटतं पण मूळ जागेवर राहतं. ढगाळ हवा, रात्रभर ओलं गवत, अशात येते. आम्ही संध्याकाळी पाणी मारायचो ते मात्र बंद करायला लावलं, पहाटे मारा, दिवसा पान वाळतं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा एक गोल डाग होता तोही दाखवला, मधे जळालेलं आणि कडेनं गर्द हिरवं कडं, असं कडं दिसलं की बहुतेक कुत्राच म्हणले. कुत्रा मुतला की लगेच बादलीभर पाणी ओता, एवढाच त्याला उपाय.

आता उपचार. इथं आमच्या आधीच्या चुकीचा फटका बसला तो सांगतो, कारण हे फार लोकांना माहीत नसतं. हुमणीवर मामा मेटारायझियम वापरतात, ती पण एक बुरशीच आहे, मित्र बुरशी, हुमणीच्या अंगावर वाढते आणि तिला मारते. पण आम्ही दहा-बारा दिवसांपूर्वीच बुरशीनाशक फवारलेलं. जे औषध बुरशी मारतं ते या बुरशीलाही मारणार. त्यामुळं अजून आठवडाभर थांबा म्हणले, पाणी मारून धुऊन जाऊ द्या. म्हणजे त्या चुकीच्या बाटलीनं फायदा तर केला नाहीच, वरून खऱ्या औषधाचा रस्ता अडवला.

तोवर हातानं वेचायचं काम. लिंबाजवळचा सगळा मेलेला भाग, साधारण तीस स्क्वेअर फूट, उचलला, माती वीतभर खोल उलटीपालटी केली, पोरानं आणि मी मिळून पावणेदोनशेच्या वर हुमण्या वेचल्या आणि रॉकेलच्या पाण्यात टाकल्या. माती दोन दिवस उघडी ठेवली तर उरलेल्या हुमण्या साळुंक्यांनी साफ केल्या. मामांचं म्हणणं असं की मोठी झालेली हुमणी कुठल्याच औषधाला लवकर मरत नाही, तिला हातच लागतो, औषध हे बाकीच्यांसाठी आणि पुढच्या वर्षीसाठी. मेटारायझियमची पावडर त्यांनी एक किलो आणायला सांगितली आणि पाकिटावरची तारीख बघायची सक्त ताकीद दिली. जिवंत गोष्ट आहे, दुकानदारानं उन्हात काचेमागं ठेवलेली असली तर आतली मेलेली असते. मी दोन दुकानं फिरलो, एकाकडची तारीख संपायला आलेली, दुसऱ्याकडून घेतली, तीनशेच्या आतबाहेर पडली. अर्धी पावडर चांगल्या मुरलेल्या शेणखतात मिसळून आठ दिवस सावलीत ओली करून गोणपाट झाकून ठेवली, आणि अर्धी लिटरला १० ग्रॅम या हिशोबानं पाण्यात घालून सगळ्या लॉनला, ऊन उतरल्यावर, माती ओली असताना. उन्हात टाकली तर गेली म्हणून समजा.

शेणखत मुरलेलंच हवं यावर त्यांचा फार जोर. अर्धवट कच्च्या खतात अळ्या येतात. इथं एक बारकावा सांगितला त्यांनी, उकिरड्यात जी खूप मोठी बोटाएवढी जाड अळी सापडते ती बहुतेक वेळा गेंडाभुंग्याची असते, ती कुजलेलं खाते, गवताची मुळं नाही, तिला बघून घाबरून लॉनवर विष ओतू नका.

गेटजवळ राडारोडा काढला, ट्रॉलीचा पाव भाग निघाला, फूटभर खोल गेलो. काळी माती, थोडी रेती आणि शेणखत भरलं, पाणी सोडून दोनदा बसवलं, कारण नाहीतर नंतर खड्डा पडतो. दसऱ्याच्या आधी चार दिवस काडी लावली. कार्पेटचे, म्हणजे मातीसकट तयार गवताचे तुकडे मिळतात, ते लगेच हिरवं दिसतं, मीच तसं म्हणालो होतो, पण मामा म्हणले कार्पेटखाली लाल माती येते आणि तुमची काळी, दोन मातीच्या मधे मूळ अडतं, आणि तुमच्याकडं चांगलं लॉन आहे की कडेला, त्यातलीच काडी घ्या. तेच केलं. कडेचं गवत काढून, दोन-तीन गाठी असलेली काडी, तीन-चार इंचावर एक, एक गाठ मातीत एक वर, पायानं दाबत जायचं. पहिले बारा दिवस सकाळी हलकं पाणी, नंतर एकाआड एक. अकराव्या दिवशी पहिला हिरवा कोंब दिसला, अण्णांनी बघितला आधी.

दिवाळीपर्यंत गेटजवळचा भाग जवळजवळ मिळून आला. लिंबाजवळचा अर्धाच. मामांनी आधीच सांगितलेलं, थंडी पडली की हे गवत झोपतं, दिवाळीच्या आत जेवढं भरेल तेवढं, बाकीचं फेब्रुवारी-मार्चला. तसंच झालं, डिसेंबर-जानेवारीत टक्कल तसंच दिसायचं आणि पाहुणे विचारायचे, आणि मार्चमध्ये पंधरा-वीस दिवसांत सगळं भरून निघालं. मागचा क्षाराचा पट्टा सगळ्यात उशिरा, तो या पावसाळ्यात भरला, अजून थोडा पातळ आहे.

एप्रिलच्या शेवटी ४० च्या वर ऊन गेलं आणि अर्धं लॉन तपकिरी झालं तेव्हा मी घाबरून फोन केला, ते म्हणले ओढून बघा. ओढलं, घट्ट. बुडाशी नख लावून बघा. बघितलं, आत पांढरं-हिरवं. "झोपलंय. हप्त्याला एकदा पाणी द्या, खत देऊ नका, कापू नका." फोनवरच काम झालं, पैसे घेतले नाहीत. कापण्याचंही एक, आम्ही फार बुडापासून कापायचो, दिसायला गालिचासारखं व्हावं म्हणून. आता एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापत नाही आणि कटरचं पातं धार लावून घेतलं, बोथट पातं पान फाडतं आणि शेंडे वाळून सगळं लॉन करपल्यासारखं दिसतं.

यंदा पाऊस मेमध्येच आला आणि भुंगेरेही तेव्हाच निघाले. मामांनी सांगून ठेवल्याप्रमाणं पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवसापासून लिंबाला दिवा टांगला, साधा पिवळा बल्ब, खाली टबात पाणी आणि वर थोडं रॉकेल, संध्याकाळी साडेसात ते नऊ. पहिल्या रात्री टबात बघून बायको दोन पावलं मागं सरकली, काळे-तांबडे भुंगेरे खच्चून. शिवाय अण्णा काठीनं फांदी हलवायचे आणि खाली चादर, पडले की गोळा करायचे. तीन हप्ते हे चाललं. कॉलनीतल्या अजून दोन घरांनी केलं, एकट्यानं करून शेजारच्या लिंबावर तसेच राहिले तर उपयोग अर्धाच.

आता तक्रारी, कारण आहेत. मामा फोन उचलत नाहीत, दुपारी एक ते तीन सोडून कधीच नाही. शनिवारी येतो म्हणून गुरुवारी आले, तेही पाच दिवस उशिरा, मी शाळेतून अर्धा दिवस रजा टाकली होती ती वाया गेली. काही लिहून देत नाहीत, सगळं तोंडी, मला रात्री बसून वहीत उतरवावं लागलं आणि दोन गोष्टी परत विचाराव्या लागल्या. बिल नाही. आणि सगळ्यात मोठी तक्रार, त्यांनी जे शेणखत दिलं त्यातून लव्हाळा आला. तो एकदा आला की त्याच्या गाठी खाली राहतात आणि वरून उपटून काही होत नाही, आज वर्ष होत आलं तरी लिंबाजवळ दर पंधरा दिवसांनी खुरपं घेऊन बसतोय आणि गाठीसकट काढतोय. त्यांना सांगितलं तर मान्य केलं, खताचे पैसे परत द्यायला निघाले, मी घेतले नाहीत, पण खत घेताना बघून घ्या, शक्यतो गांडूळखत घ्या.

खर्च सगळा मिळून, तपासणी ३००, दोन दिवस पोराची मजुरी १,२००, शेणखत आणि रेती ९००, पावडर ३०० च्या आसपास, राडारोडा उचलायला ट्रॉली ६००. म्हणजे ३,३०० च्या घरात. आधीच्या बाटल्यांवर जेवढे गेले त्याच्यापेक्षा थोडेच जास्त, आणि यात तीन जागचे तीन वेगळे आजार सापडले, एकाच बाटलीत ते तिन्ही कधीच बरे झाले नसते.

पाचपैकी साडेचार. अर्धा लव्हाळ्याचा आणि फोनचा मिळून कापला. ज्यांना चार दिवसांत घरी कार्यक्रम आहे आणि तोवर हिरवं हवंय त्यांनी यांना बोलावू नका, ते येतील आणि नाही म्हणून जातील. ज्यांना थांबायची तयारी आहे आणि आपल्याच लॉनखाली काय चाललंय ते समजून घ्यायचंय त्यांनी जरूर बोलवा, आणि ते आले की घरात जाऊन बसू नका, पूर्ण वेळ त्यांच्यासोबत फिरा, घरात कोणी शेती केलेलं म्हातारं माणूस असलं तर त्यांना पण सोबत घ्या.

त्यांची पुढची फेरी सप्टेंबरच्या दुसऱ्या हप्त्यात ठरलीय. काल अण्णांच्या आग्रहानं मी आधीच लिंबाखाली फूटभर चौकोन कापून बघितला, दोन निघाल्या, बारीक. चौकोन परत बसवला, पाणी दिलं.